जोन बाएझ ऐकायची कशी: गाणं आणि दानत एकाच वेळी ऐकायची माझी पद्धत

हे लिहायचं कारण असं की तिघाचौघांनी मला विचारलं, तू सारखी त्या जोन बाएझचं, त्या अमेरिकन लोकगीत गायिकेचं, नाव घेत असतेस तर आम्ही सुरुवात कुठून करायची. दर वेळी मी घाईघाईत दोन लिंका पाठवते, मग ते ऐकतात आणि म्हणतात हो छान आहे आवाज, आणि विषय तिथेच संपतो. मला रुखरुख लागते, कारण नुसता छान आवाज म्हणून ती ऐकली तर अर्धीच हाती लागते. तिला ऐकायची एक पद्धत मला हळूहळू सापडत गेली, बरीच वर्षं लागली, ती आता नीट लिहून काढते म्हणजे कुणी विचारलं की हेच पाठवता येईल.

पद्धत अगदी साधी आहे. गाणं लावलं की ते कोणत्या सालचं आहे ते बघायचं, आणि त्या साली ही बाई कुठे होती, काय करत होती तेही बघायचं. एक वही किंवा मोबाईलमधली नोट उघडा, डावीकडे गाणं, उजवीकडे तिचा त्या वर्षीचा ठावठिकाणा. पाचसहा ओळी झाल्या की लक्षात येतं की दोन्ही रकाने एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

आधी जुजबी ओळख. जन्म ९ जानेवारी १९४१, न्यूयॉर्कचं स्टेटन आयलंड. वडील आल्बर्ट बाएझ मूळचे मेक्सिकोतल्या पुएब्लाचे, भौतिकशास्त्रज्ञ, क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकावर काम केलेले, आई एडिनबराची. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्ध नको, हिंसा नको हे लहानपणापासून कानावर. वडिलांच्या नोकरीमुळे १९५१ मध्ये एक वर्ष बगदादमध्ये काढलं, तिथली गरिबी तिने दहाव्या वर्षी डोळ्यांनी बघितली. शाळेत असताना आयरा सँडपर्ल नावाचे गांधींचा अभ्यास असलेले शिक्षक भेटले आणि १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण ऐकलं. १९५८ मध्ये शाळेत हवाई हल्ल्याचा सराव होता, सगळ्यांनी घरी जायचं होतं, आणि ही मुलगी अणुबॉम्बपासून असं काही वाचता येत नसतं म्हणून वर्गातच बसून राहिली. एवढं माहीत असलं की पुढचं सगळं बरोबर जागेवर बसतं.

आता पहिलं काम. 'बेस्ट ऑफ' लावू नका आणि शफल तर अजिबात नको. त्यात साठ सालचा आवाज आणि नव्वद सालचा आवाज शेजारी शेजारी येतात आणि कान गोंधळतो. १९६० चा पहिला अल्बम घ्या, त्याचं नाव नुसतं तिचंच नाव आहे. तेरा गाणी आहेत, सलग ऐकायची, हेडफोन असेल तर उत्तम, आणि शक्यतो रात्री, घरातले आवाज थांबल्यावर, कारण त्या रेकॉर्डमध्ये आवाज आणि गिटार सोडून जवळपास काहीच नाही आणि बाहेरचा पंखासुद्धा आड येतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन टॉवर्स नावाच्या हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये हे ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची. कोलंबियासारखी बडी कंपनी तिला घ्यायला तयार होती, तिने छोटी व्हॅनगार्ड निवडली. काही गाण्यांत फ्रेड हेलरमन यांचं दुसरं गिटार आहे, बाकी ती एकटी. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत हा अल्बम घेतला.

पहिलंच गाणं 'सिल्व्हर डॅगर'. आई हातात चांदीची कट्यार घेऊन मुलीजवळ झोपलीये, कारण पुरुषांनी तिला फसवलंय आणि मुलीचं तसं होऊ नये असं तिला वाटतं, आणि मुलगी दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवते. एवढीच गोष्ट. इथे एक सूचना, ही जुनी कथागीतं ऐकण्याआधी गोष्ट वाचून घ्या. इंग्रजी आपल्याला कितीही येत असलं तरी ही भाषा जुनी आहे, गाताना शब्द ताणले जातात, आणि गोष्ट कळली नाही की सगळी गाणी एकसारखी वाटायला लागतात. आपल्याकडे जात्यावरची ओवी ऐकताना कोण सासरी आहे, कोण भावाची वाट बघतंय हे माहीत असलं की एकेक ओळ टोचते ना, तसंच आहे हे.

मग 'मेरी हॅमिल्टन' ऐका, त्याला सहाएक मिनिटं शांत बसावं लागतं. स्कॉटलंडच्या राणीच्या दासीची गोष्ट आहे, तिला राजापासून मूल होतं, ती ते समुद्रात सोडते, आणि आता तिला फाशी द्यायला नेतायत. फ्रान्सिस चाइल्ड या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात ३०५ जुनी कथागीतं जमवली, त्यात हे १७३ वं. इथे बाएझचं खरं कसब बघायचं म्हणजे ती रडत नाही, राणीचा आवाज वेगळा आणि दासीचा वेगळा असलं नाटकही करत नाही, सरळ सांगत जाते. ज्या मुली अशा मेल्या त्यांची ही गोष्ट आहे, माझा गळा नुसता वाट करून देतोय, असं काहीसं त्या गाण्यातून येतं. मला तिच्या दानतीची पहिली खूण इथेच दिसली, पैसे नाही वर्गणी नाही, गाण्यात स्वतःला मागे ठेवणं. एवढा सुंदर गळा असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मिरवायचा मोह आवरणं सोपं नसतं हो.

कशाकडे कान द्यायचा ते सांगते. एक म्हणजे तिचा कंप, वरच्या सुरात आवाज जो बारीक थरथरतो तो. तो जन्मजात आहे असं वाटतं पण किशोरवयात आरशासमोर उभं राहून गळ्यावर बोट हलवून हलवून तिने तो बसवला होता. काही लोकांना तो कंप सहन होत नाही, सुईसारखा टोचतो म्हणतात. तसं झालं तर आवाज थोडा कमी करा आणि खालच्या सुरातल्या ओळी आधी ऐका. दुसरं म्हणजे अंगठा. गिटारवर तिचा अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर सूर विणत राहतात, म्हणून एकच वाद्य असून दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. तुम्ही गिटार शिकत असाल तर यातली बरीच गाणी तीनचार कॉर्डमध्ये बसतात, डाव्या हाताची फार कसरत नाही, सगळी मेहनत उजव्या हाताची. आधी नुसता अंगठा घड्याळासारखा चालवायचा, आठवडाभर दुसरं काही नाही, मग एक बोट वाढवायचं, आणि गायचं सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं होतं, आधी गायला लागले, त्यामुळे ठेका कधी पक्का झालाच नाही.

गिटारवरून आठवलं. तिची आवडती गिटार मार्टिन कंपनीची, १९२९ सालची, छोट्या घडणीची. पुढे १९९८ मध्ये त्या कंपनीने तिच्या नावाची गिटार काढायची ठरवली आणि जुनी गिटार तपासली तेव्हा आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, कुणीतरी दुरुस्ती करताना लिहून ठेवलेलं सापडलं की वाईट एवढंच की तू कम्युनिस्ट आहेस. इतकी वर्षं ती ते वाक्य पोटात घेतलेल्या गिटारवर शांततेची गाणी म्हणत होती. तिला हे कळल्यावर तिला ते आवडलं आणि नव्या गिटारींच्या आतही त्या वाक्याची प्रत चिकटवली गेली.

पहिला अल्बम दोनतीन रात्री झाला की थेट मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर या, १९६२ चा 'इन कॉन्सर्ट'. इथून वही उघडायची. त्यात पावसावरचं एक छोटंसं गाणं आहे, मॅल्व्हिना रेनल्ड्स यांनी लिहिलेलं, वरवर बालगीत वाटतं पण आहे अणुचाचण्यांच्या विषारी पावसाबद्दल. टाळ्यांच्या आधी जी शांतता पसरते ती ऐका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचं चित्र आलं, वय एकवीस. आता उजव्या रकान्यात काय लिहायचं? तर ती तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत दौरे करत होती, जिथे गोरे आणि काळे एका सभागृहात बसू शकत नव्हते. तिने कंत्राटातच अट घातली की काळ्या लोकांना प्रवेश असेल तरच गाईन. अट मान्य झाली, पण काळे लोक आलेच नाहीत, कारण त्यांनी तिचं नावच ऐकलं नव्हतं. बहुतेक कलाकार इथे म्हणाले असते मी माझं काम केलं. तिने पुढचा दौरा काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजांमध्येच ठेवला, १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या माइल्स कॉलेजमध्ये गायली, म्हणजे ज्यांना गोऱ्यांच्या हॉलमध्ये जाऊन ऐकायची सवय नव्हती त्यांच्या अंगणात ती गेली आणि गोरे श्रोते तिथे आले. मला तिच्या सगळ्या गोष्टींत ही फार मोठी वाटते. दार उघडं ठेवणं आणि आपण उठून दुसऱ्याच्या दारी जाणं यातला फरक तिला बाविसाव्या वर्षी कळला होता.

१९६३ हे साल वहीत एक अख्खं पान घेणार, तयार राहा. टीव्हीवर लोकगीतांचा एक मोठा कार्यक्रम सुरू झाला होता, त्यात लोकगीत गायक पीट सीगरना त्यांच्या राजकीय मतांमुळे बोलवत नव्हते, म्हणून हिनेही जायला नकार दिला. पीट सीगरचा कार्यक्रम तिने तेरा वर्षांची असताना बघितला होता आणि तिथूनच गाण्याचं वेड लागलेलं. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या मोर्चात, जिथे किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं, तिने 'वी शॅल ओव्हरकम' गायलं, आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणतो ना त्याचं मूळ. आणि त्याच उन्हाळ्यात बॉब डिलन, गाणी लिहिणारा आणि गाणारा.

डिलनबद्दल जरा थांबून बोलायला हवं कारण लोक तिला अजूनही डिलनची मैत्रीण म्हणून ओळखतात आणि मला ते खरंच टोचतं. १९६३ मध्ये नाव तिचं होतं, गर्दी तिची होती. हा बारीक, विस्कटलेल्या केसांचा, खरखरीत आवाजाचा मुलगा तिने स्वतःच्या मैफलींमध्ये मधेच स्टेजवर आणला, तिच्या श्रोत्यांतल्या अनेकांना तो आवाज पचला नाही, ते कुरकुरले, आणि तिने त्यांना सांगितलं की याचे शब्द ऐका. स्वतःच्या तिकिटावर आलेली माणसं दुसऱ्याच्या ओंजळीत घालणं, हे कलाकार सहसा करत नाहीत. पुढे १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यात ती त्याच्यासोबत गेली तेव्हा त्याने तिला एकदाही स्टेजवर बोलवलं नाही. तरी १९६८ मध्ये तिने त्याच्या गाण्यांचा अख्खा दोन रेकॉर्डचा अल्बम केला, 'एनी डे नाऊ'. हे वहीत ओळीने लिहा, त्यावर काही टिप्पणी लिहू नका, नुसती सालं बघा. आणि मग १९७५ चं 'डायमंड्स अँड रस्ट' ऐका. खूप वर्षांनी त्याचा फोन येतो आणि सगळं परत वर येतं, तिने स्वतः लिहिलेलं गाणं आहे. जुन्या नात्याबद्दल इतकं रागाने आणि तरी इतकं मायेने लिहिलेलं मी फार कमी ऐकलंय. पण हे गाणं क्रमाने यायला हवं, आधी ऐकलं तर नुसतं प्रेमभंगाचं गाणं वाटतं, १९६३ नंतर ऐकलं तर हिशेब वाटतो.

पैशाची दानत बघायची असेल तर १९६४ आणि १९६५. चौसष्टमध्ये तिने आयकराचा साठ टक्के भाग भरायला नकार दिला, कारण तेवढा पैसा लष्कराकडे जातो असा तिचा हिशेब होता. सरकारने पुढे तो वसूल केलाच, कधी कधी तर कार्यक्रमाच्या तिकिटांच्या गल्ल्यातून, म्हणजे यात तिचा फायदा शून्य. पासष्टमध्ये आयरा सँडपर्ल यांच्यासोबत कॅलिफोर्नियात कार्मेल व्हॅलीला अहिंसेच्या अभ्यासासाठी संस्था काढली, स्वतःच्या कमाईतून, आणि तिथे लोक बसून गांधी वाचत होते, चर्चा करत होते, मौन पाळत होते. हे मला कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. आपल्याकडचे विचार तिथे एका गायिकेने गाण्याच्या पैशातून जगवले.

१९६६ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रेनाडा गावात काळ्या मुलांना शाळेत सोडायला किंग यांच्याबरोबर चालत गेली. १९६७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने व्हिएतनाम युद्धाला तिचा विरोध होता म्हणून जागा नाकारली तर तिने वॉशिंग्टन मॉन्युमेंटपाशी उघड्यावर फुकट कार्यक्रम केला आणि तीसेक हजार लोक आले. त्याच वर्षी सैन्यभरतीच्या केंद्राचं दार अडवलं म्हणून दोनदा तुरुंगात, सोबत तिची आईसुद्धा. किंग तिला तुरुंगात भेटायला आले होते. ही चार वाक्यं मी भराभर लिहिली पण तुम्ही एकेक गोष्ट शोधून फोटो बघा, ग्रेनाडाचे फोटो तर नक्की.

वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाचं सगळ्यांना माहीत असतं, १९६९ चा ऑगस्ट, पहिल्या रात्रीचा शेवट तिचा, मध्यरात्र उलटून गेलेली. काय बघायचं तर ती सहा महिन्यांची गरोदर आहे, नवरा डेव्हिड हॅरिस सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात आहे, आणि ती अगदी शांतपणे प्रेक्षकांना त्याच्याबद्दल सांगते आणि मग 'जो हिल' म्हणते, गोळ्या घालून मृत्युदंड दिलेल्या एका कामगार नेत्याचं गाणं. कुठेही बिचारेपणा नाही. यूट्यूबवर मिळतं, पडद्यावर बघाच, हे नुसतं ऐकून पुरत नाही.

१९७१ चं पान आपल्यासाठी जरा जवळचं आहे. त्या वर्षी अमेरिकेत तिचं एक गाणं लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, तिचं सगळ्यात मोठं हिट. आणि त्याच वर्षी तिने बांगलादेशावर गाणं लिहिलं, मार्चमध्ये ढाक्यात विद्यापीठाच्या वसतिगृहांत झोपलेल्या विद्यार्थ्यांना सैन्याने मारलं त्याबद्दल. पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये ते आहे. इतक्या लांब बसून, ज्या लोकांकडून तिला तिकिटाचा एक पैसा मिळणार नव्हता त्यांच्यासाठी. हे गाणं लावताना घरात कुणी मोठं माणूस असेल ज्याला ते युद्ध आठवतं तर त्याला शेजारी बसवा, तुम्हाला गाण्यापेक्षा जास्त काहीतरी ऐकायला मिळेल.

आता अवघड ऐकणं. १९७२ च्या डिसेंबरमध्ये ती उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईला गेली, तिथल्या अमेरिकन युद्धकैद्यांची पत्रं पोचवायला, आणि ती तिथे असतानाच नाताळातला तो भीषण बॉम्बवर्षाव सुरू झाला. स्वतःच्याच देशाची विमानं डोक्यावर, आणि ही अकरा दिवस हॉटेलच्या तळघरात जाऊन येऊन. तिच्याकडे टेपरेकॉर्डर होता. १९७३ च्या 'व्हेअर आर यू नाऊ, माय सन?' या रेकॉर्डची अख्खी एक बाजू त्यातून बनलीये, वीस मिनिटांहून मोठी, त्यात भोंगे आहेत, स्फोट आहेत, तळघरातली गाणी आहेत, आणि ढिगाऱ्यात मुलाला शोधणारी आई आहे, नाव तिच्यावरूनच. हे पार्श्वसंगीत म्हणून लावू नका, स्वयंपाक करताना नको, गाडीत नको. एकदाच ऐका. मीही दोनदाच ऐकलंय. लहान मुलं जवळ असतील तर लावूच नका. पण हे न ऐकता तिचं संपूर्ण ऐकलं असं म्हणता येणार नाही, कारण इथे तिने सुंदर गाण्याचा मोहसुद्धा सोडून दिलाय.

त्यानंतर कानाला जरा उजेड द्यावा लागतो, तर १९७४ चा स्पॅनिश अल्बम घ्या, 'ग्रासियास आ ला व्हिदा'. चिलीत १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली होती, लोक गायब होत होते, आणि वडिलांच्या भाषेत तिने हा अल्बम त्या लोकांसाठी केला. शीर्षकगीत चिलीच्याच व्हियोलेता पारा यांचं, आयुष्याचे आभार मानणारं. स्पॅनिश येत नसली तरी चालतं, उलट बरंच आहे, कारण शब्द कळत नाहीत तेव्हा आवाज जास्त कळतो.

इथे तिच्या धाकट्या बहिणीचं नाव घ्यायलाच हवं, मिमी फरिना. १९७२ मध्ये दोघी बहिणी ब्लूज गायक बी. बी. किंग यांच्यासोबत सिंग सिंग तुरुंगात कैद्यांसाठी गायल्या. मग १९७४ मध्ये मिमीने 'ब्रेड अँड रोझेस' संस्था सुरू केली, तुरुंग, इस्पितळं, वृद्धाश्रम अशा ठिकाणी, जिथल्या माणसांना मैफलीला जाता येत नाही तिथे, फुकट संगीत पोचवायचं. मिमी २००१ मध्ये गेली पण काम चालू राहिलं. दोघींची एकत्र गायलेली गाणी शोधून ऐका, सख्ख्या बहिणींचे आवाज एकमेकांत जसे विरघळतात तसे दुसऱ्या कुणाचे नाही विरघळत.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगते कारण चाहते ती टाळतात. १९७९ मध्ये व्हिएतनामच्या नव्या सरकारने विरोधकांना छावण्यांत कोंडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा तिने त्या सरकारला उघड पत्र लिहून मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्रांत छापलं. ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं युद्धविरोधी मोर्चे काढले त्यातलेच कितीतरी लोक तिच्यावर तुटून पडले. तिचं म्हणणं सरळ होतं, बॉम्ब आमच्या सरकारने टाकले तेव्हा बोलले, आता छळ तुमचं सरकार करतंय तर आताही बोलेन. दानत म्हणजे आपल्या माणसांची शाबासकी सोडायची तयारी, असं मला या पानावर वाटतं. पैसे देणं त्या मानाने सोपं.

ऐंशीच्या दशकातले अल्बम मी तुम्हाला सुचवणार नाही. वाईट नाहीत, पण त्या काळातला चकचकीत वाद्यमेळ तिच्या गळ्याला शोभत नाही असं माझं मत. तिथे उजवा रकाना वाचा. जून १९८९, चेकोस्लोव्हाकिया, ब्रातिस्लाव्हा. सरकारविरोधी नाटककार वात्सलाव हावेल, जे पुढे सहाच महिन्यांत राष्ट्राध्यक्ष झाले, ते पोलिसांना चुकवायला तिची गिटार उचलणारा मदतनीस बनून आत आले. कार्यक्रमात तिने सरकारला नकोशा असलेल्या एका स्थानिक गायकाला स्टेजवर बोलावलं आणि अधिकाऱ्यांनी माइक बंद केले. मग तिने माइकशिवाय, वाद्याशिवाय, चार हजार लोकांसमोर नुसत्या गळ्याने गायलं. हावेल नंतर सांगायचे की त्या वर्षाअखेरीस कम्युनिस्ट सरकार घालवणाऱ्या क्रांतीवर तिचा मोठा प्रभाव होता. आणि बघा, १९६३ सारखंच इथेही तिने स्टेज दुसऱ्याला दिलं, आणि त्यामुळेच माइक गेला. १९९३ मध्ये बोस्नियातल्या वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होत गेली, रस्त्यात चेलो वाजवणाऱ्या व्हेद्रान स्माइलोविच यांच्या शेजारी उभी राहून गायली.

नव्वदच्या दशकात मात्र परत ऐकायला या. १९९५ चा 'रिंग देम बेल्स' न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबमधला आहे, त्यात तिने कितीतरी गायिकांना सोबत घेतलंय, बऱ्याचशा तिच्याहून तरुण, इंडिगो गर्ल्स, डार विल्यम्स, मेरी ब्लॅक, आणि मिमी पण आहे. ऐकताना एक खेळ करा, दुसरी गायिका मुख्य ओळ घेते तेव्हा बाएझ काय करते ते बघा. ती खाली सरकते, आवाज बारीक करते, आधार देते. ज्या बाईचा वरचा सूर जगप्रसिद्ध, ती वरचा सूर दुसरीला देते. १९९७ च्या 'गॉन फ्रॉम डेंजर'मध्ये तर जवळपास सगळी गाणी नव्या गीतकारांची आहेत, आणि ती नावं तिच्यामुळे कितीतरी लोकांपर्यंत पोचली. मला स्वतःला डार विल्यम्स आणि रिचर्ड शिंडेल इथूनच मिळाले, तुम्हीही या अल्बमवरून पुढे त्यांच्याकडे जा.

शेवटचा टप्पा, २०१८ चा 'व्हिसल डाऊन द विंड'. वय सत्त्याहत्तर. ज्यांनी १९६० पासून सुरुवात केलीये त्यांना पहिल्या ओळीला धक्का बसेल कारण तो वरचा चांदीचा सूर गेलाय, आवाज खाली उतरलाय, थोडा जाडसर, लाकडासारखा. लगेच बंद करू नका. दोन गाणी जाऊ द्या. ती गेलेले सूर ओढूनताणून आणत नाही, चाली खाली उतरवून घेतल्यात, श्वास ऐकू येतो, आणि शब्द आता इतके स्पष्ट की अर्थ आधी पोचतो आणि सूर मागून येतो. २८ जुलै २०१९ ला माद्रिदमध्ये तिच्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला.

तिच्यावर २०२३ मध्ये एक माहितीपट आला, त्यात ती स्वतःच्या घाबरेपणाबद्दल, लहानपणापासून येणाऱ्या चिंतेच्या झटक्यांबद्दल आणि घरातल्या अगदी नाजूक गोष्टींबद्दल बोललीये. तो सगळ्यात शेवटी बघा. मी आधी बघितला असता तर मला गाण्यात फक्त दुःख ऐकू आलं असतं. आता कळतं की ग्रेनाडाच्या रस्त्यावर मुलांचा हात धरून चालणारी बाई आतून घाबरलेली असायची आणि तरी चालायची.

किती वेळ लागतो असं विचाराल तर आठवड्याला एक अल्बम धरा, दोनअडीच महिने. घाई असेल तर निदान चार थांबे घ्या: १९६० चं 'सिल्व्हर डॅगर', वुडस्टॉकचा व्हिडिओ, 'डायमंड्स अँड रस्ट', आणि २०१८ चा शेवटचा अल्बम. हनोईची बाजू या चारात घालू नका, ती तयारीशिवाय कुणाला पाठवायची नसते. आणि पुढे कुणाला लिंक पाठवाल तेव्हा नुसती लिंक नको, खाली दोन ओळी टाका, साल कोणतं आणि त्या साली ती कुठे होती.